अठराव्या रस्त्यापलीकडे

चर्चमधली रविवारची प्रार्थना सुटली आणि युलालियाने तमाल्यांच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. मक्याच्या पानांत उकडलेल्या त्या तिखट मुटक्यांचा वाफाळता वास थेट दुकानाबाहेर गेला, पण गिऱ्हाईक काही आलं नाही. येणार तरी कुठून? चर्च पलीकडे, दुकान अलीकडे आणि मधल्या अठराव्या रस्त्यावरून शिकागोची अख्खी मॅरेथॉन धावत होती.

"दरवर्षी सांगतो, या रविवारी दुकान उघडू नकोस," तिचा नवरा एफ्राइन करवादला. "शहरातली हॉटेलं म्हणे तुडुंब भरलीत. आपल्या वाट्याला काय, तर घामाचा वास! मागच्या वर्षी पातेलंच्या पातेलं कचऱ्यात गेलं. आजही उरलं तर ठरल्याप्रमाणे दुकान सोडायचं. कॉफीवाला जागा मागतोच आहे."

"आधी उरू तर दे, म्हाताऱ्या. मग बोल."

बोलली खरी, पण पातेल्यातले तमाले तिने पुन्हा एकदा मोजले.

पलीकडच्या कठड्यापाशी तिची रविवारची सगळी गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. "युलालिया, एक डझन! हिरव्या मिरचीचे!" म्हातारी चायो छत्री नाचवत ओरडली. युलालिया पिशवी घेऊन रस्त्यात उतरली, तोच पोलीस आडवा आला.

"बाई, मागे व्हा. आज धावणाऱ्यांशिवाय इथून कुणीही जायचं नाही."

"असं होय?"

कमरेवर हात ठेवून तिने धावणाऱ्यांवर नजर फिरवली. मग अलीकडच्या कठड्यामागे गेली, वरून वाकली आणि पोटरी धरून लंगडत चाललेल्या एका माणसाच्या हातात तिने पिशवी कोंबली. "बाबा रे, ती छत्रीवाली म्हातारी दिसते ना? जाता जाता तिला देऊन जा. जरा तिरका जा, म्हणजे झालं!"

तो दमलेला माणूस चक्क हसला. लंगडत, तिरका जात त्याने पिशवी पोचवली. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. ते बघून मागच्याने आपणहून हात पुढे केला. मग एका बाईने.

"पैसे रस्ता सुटल्यावर द्या!" युलालिया ओरडत होती आणि पिशव्या भरत होती. पोलिसाने तिच्याकडे पाहिलं. "धावणारेच आहेत की," ती म्हणाली. त्याने तोंड फिरवलं.

होता होता चिमटा पातेल्याच्या तळाला खडखडला. युलालियाने मागे वळून पाहिलं. एफ्राइन दुकानात नव्हताच. तो कठड्यावर ओणवा होऊन, पिशवी घेऊन सुसाट निघालेल्या एका पोरीच्या मागे बोंबलत होता,

"अगं ए, धावतेस काय! हळू जा, चटणी सांडेल!"