धरलेली जागा

"आणि मुदतीच्या आधीच हक्क वापरून टाकायचा, असं कधी करावं?" शिवकामी मॅडमनी विचारलं.

"कधीच नाही," हान यांग म्हणाला. हे उत्तर त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

शनिवारची दुपार होती. सिंगापूरच्या त्या विद्यापीठात फायनान्शियल मॅथ्सच्या पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्सची शेवटची तोंडी परीक्षा चालू होती. मुलांना जोडीजोडीने आत बोलावत होते. मुलं म्हणायचं आपलं, सगळे तिशीला टेकलेले नोकरदार. हान यांगच्या शेजारी त्याची प्रोजेक्टमधली जोडीदार शिन रू बसली होती. दोघं दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला एकत्र येत होते. वर्गातल्या लोकांनी त्यांचं लग्न केव्हाच लावून टाकलं होतं. राहिलं होतं ते फक्त हान यांगने विचारायचं.

"पुस्तकातलं नको," मॅडम म्हणाल्या. "खालच्या कॉफीवाल्या आंटीला कळेल असं सांग."

हान यांग खूश झाला. उदाहरण त्याच्याकडे तयार होतं.

"मॅडम, कँटीनमध्ये टेबलावर टिश्यूचं पुडकं ठेवलं की जागा आपली. कुणी हात लावत नाही. पण लगेच बसायलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. ऑप्शन म्हणजे तेच. ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क आपल्या हातात, सक्ती काही नाही. मुदत संपेपर्यंत खुशाल हिंडावं. आधीच बसून काय मिळणार? जागा कुठे पळून जातेय?"

शिन रू खिडकीबाहेर बघत राहिली.

सात वाजताच्या वर्गाला हान यांग कधी वेळेवर आला नाही. त्याच्या विमा कंपनीचं ऑफिस लांब होतं. शिन रू आधी येऊन शेजारच्या खुर्चीवर टिश्यूचं पुडकं ठेवायची. ती खुर्ची एकदाही गेली नाही, त्यामुळे लवकर निघण्याची त्याला कधी गरजच वाटली नाही.

त्याचं हे तिसरं सर्टिफिकेट. पुढेमागे मास्टर्स करायचं ठरवलं तर ही सगळी धरली जातात, म्हणून तो घेत सुटला होता. 'पुढेमागे' हा त्याचा लाडका शब्द. सरकारी फ्लॅटसाठी दोघांनी मिळून अर्ज केला, की तीच इथली लग्नाची मागणी. शिन रूने दोनदा विषय काढला, दोनदा तो म्हणाला, "पुढच्या सोडतीला बघू." त्याची आई तर म्हणायची, "याच्या वरातीला मला व्हीलचेअरवरून न्या."

आणि आता शिन रूची बँक तिला दोन वर्षांसाठी हाँगकाँगला बोलावत होती. येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिने त्याला सरळच विचारलं होतं, "जाऊ की राहू?" तो 'राहा' म्हणाला असता तरी तिला चाललं असतं, 'मीही येतो' म्हणाला असता तरी. तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना? परीक्षा होऊ दे, मग बघू."

"कधीच नाही?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"एक अपवाद आहे," हान यांग म्हणाला. "मधेच लाभांश वाटला तर. तो शेअर घेतलेल्याला मिळतो, नुसता हक्क धरून बसलेल्याला नाही. म्हणजे असं बघा, टेबलावर गरम सूप आलंय. ते जो बसलाय तो पिणार. पुडकं थोडंच पिणार आहे?"

मॅडम मनापासून हसल्या. हान यांगही हसला आणि अर्ध्यातच थांबला. त्याने शिन रूकडे पाहिलं.

"तुला काही भर घालायचीय, शिन रू?"

"नाही मॅडम. त्याने अगदी बरोबर सांगितलं."

परीक्षा संपताच ती उठून खाली कँटीनमध्ये गेली. हान यांगने लॅपटॉप कसाबसा बॅगेत कोंबला आणि जिना धावतच उतरला.

"अगंबाई, हा धावतोय!" आंटी काउंटरमागून ओरडली. "आग लागली का रे कुठे?"

शिन रू नेहमीच्या टेबलाशी बसली होती. समोरच्या खुर्चीपुढे टेबलावर पुडकं होतं. ते बाजूला न सारताच तो खुर्चीत बसला आणि धापा टाकत बोलायला लागला.

"शिन रू, शुक्रवारची वाट नको बघायला. राहा तू. नाहीतर मी येतो तिकडे. कागद-बिगद सगळं करतो मी. आणि फ्लॅटचा अर्ज पण करू, याच सोडतीला करू."

तिने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. हे ऐकायला ती किती दिवस आसुसली होती! तिचे डोळे भरून आले. तिला खरंच बरं वाटलं.

"मी बँकेला सोमवारीच हो कळवलंय," ती म्हणाली.

"पण शुक्रवारपर्यंत मुदत होती ना!"

"होती की. पण माझं सूप गार होत होतं."

हान यांगला आता 'बघू' म्हणायलासुद्धा काही उरलं नव्हतं. आंटीने दोन कॉफ्या आणून ठेवल्या.

शिन रूने टेबलावरचं पुडकं उचललं, त्याच्या हातात ठेवलं आणि त्याची मूठ मिटवली.

"दोन वर्षं जागा मी धरली," ती म्हणाली. "आता तू धर."