विंग कमांडरची पट्टी

ही गोष्ट २०५८ सालची. स्क्वाड्रन लीडर अच्युत बर्वेच्या मेंदूची नक्कल विमानात बसवून सहा वर्षं झाली होती. उडायचं ते नकलेनं, अच्युतनं खाली फायली सांभाळायच्या. बढतीही नकलेलाच मिळाली. नवी पट्टी बायकोनं लावायचा रिवाज, म्हणून वसुधाला बोलावणं आलं.

ती विमानाच्या नाकाडावर पट्टी चिकटवू लागली, तोच आतून अच्युतचा आवाज आला, "वसू, जपून गं, पत्रा तापलाय."

जमिनीवर आल्यापासून नवऱ्यानं तिला वसू म्हटलं नव्हतं.

"आटप लवकर," मागून अच्युत म्हणाला, "या नव्या साहेबांना सॅल्यूट ठोकायचाय मला."

पुढच्याच वर्षी ते विमान लढाईत पडलं. अच्युत स्क्वाड्रन लीडर म्हणूनच निवृत्त झाला. विमान पडल्याची बातमी आली, त्या दिवसापासून वसुधानं कुंकू लावलं नाही, आणि अच्युतनं कधी कारण विचारलं नाही.