बेंबी की बरगडी

आईच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीने काढायचे, यावर घरातल्या दोन्ही सर्जनांचं एकमत होतं. भांडण होतं ते पोटात शिरायचं कुठून यावर. मुलाने मार्करने बेंबीवर फुली मारली. सुनेने ती स्पिरिटने पुसून डाव्या बरगडीखाली मारली. "बेंबीतून सरळ रस्ता आहे," मुलगा म्हणाला. "बेंबीखाली जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे," सून म्हणाली. "आत आतडं चिकटलेलं असलं, तर पहिल्याच फटक्यात भोक पडेल." फुली पुन्हा बेंबीवर गेली आणि पुन्हा पुसली गेली. आई गुदगुल्या सोसत पडून होती. "कुठल्या गाढवाने एवढी लांब चीर दिली होती?" मुलगा वैतागला. "गाढव आत होतं," आई म्हणाली. "आडवं बसलेलं." तिने मार्कर काढून घेतला आणि सुनेच्या हातात दिला. "तू जा बरगडीखालून. हा नऊ महिने आत राहिलाय. आता बाहेर थांबेल."