इंजिन बंद पाडायचं नाही

"आई, गाडी बंद पाडलीस तर माझा सिनेमा गेला," मागच्या सीटवरून लेक म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, आणि बारापर्यंत ते होणार नाही."

ग्रंथपालबाईंनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. गाडी बंद न पाडणं, नेमकी हीच गोष्ट त्यांना जमत नव्हती. परवान्याच्या चाचणीत त्या दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा चढावर. आज शिकवणीचा तेरावा तास होता आणि अजूनही प्रत्येक चौकात त्यांची गाडी मान टाकायची. शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता, म्हणून निभावून जात होतं.

कालच वस्तीतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. लेकीच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर लावली तरच तो जिवंत. चार महिने खपून तिने चार मिनिटांचा कार्टूनपट केला होता. कला महाविद्यालयात प्रवेश हवा तर तो आज बाराच्या आत पाठवायचा होता. त्याआधी सगळी चित्रं जोडून एक फाइल बनायला हवी, आणि त्याला लॅपटॉप तासभर अखंड चालायला हवा होता. मास्तरांच्या गाडीत बॅटरीवरून लॅपटॉप चालवायचा डबा होता. पण इंजिन बंद पडून पुन्हा चावी फिरवली की डब्याचा पुरवठा क्षणभर तुटायचा, आणि तेवढ्यानेच लॅपटॉपने राम म्हटला असता.

"मग गाडी नुसती चालू ठेवून उभी करू या की," बाई निघताना म्हणाल्या होत्या.

"रेडिएटरचा पंखा गेलाय. उभी राहिली की तापते."

"मग तुम्ही चालवा."

"शिकणाऱ्याच्या तासाला मी स्टिअरिंगला हात लावत नाही, ताई. सतरा वर्षांत लावलेला नाही."

मास्तर नेमाचे इतके पक्के की त्यांच्या बायकोनेही वाद घालणं सोडून दिलं होतं. बाईंनी निमूटपणे गिअर टाकला.

"बावीस टक्के," मागून आवाज आला.

पहिला चौक आला तसं गाडी आता मान टाकणार, असं बाईंनी धरूनच ठेवलं. पण गाडी अलगद थांबली आणि अलगद निघाली. मास्तरांचे पाय, बाईंनी मनात म्हटलं. आज माणूस फारच मनावर घेऊन बसलाय. पुढे एक बस काही न सांगता मध्येच उभी राहिली, तेव्हाही ब्रेक वेळेवर लागला. मास्तर काचेतून बाहेर बघत होते आणि चक्क कसलंसं गाणं गुणगुणत होते.

"एकसष्ट."

मग दवाखान्यामागचा चढ आला, आणि चढाच्या ऐन मध्यावर सिग्नल लाल झाला. मागे एक ट्रक येऊन अगदी शेपटीला नाक लावून उभा राहिला.

"मास्तर, सांभाळा हं," त्या पुटपुटल्या.

"हूं," मास्तर म्हणाले.

हिरवा लागला. क्लच हळूहळू वर आला, गाडी थरथरली, केसभरही मागे न सरकता पुढे निघाली. ट्रकवाल्याला हॉर्न वाजवायची संधीसुद्धा मिळाली नाही. बाईंना हायसं वाटलं आणि मनातून थोडी लाजही वाटली. तेरा तास झाले तरी आपली गाडी दुसऱ्याच्याच पायांवर चालते, हे काही बरं नव्हे.

बाराला आठ मिनिटं कमी असताना मागची सीट उसळली.

"गेला, आई. पोचल्याचा मेसेजसुद्धा आला."

बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पदराने कपाळ पुसलं. लेक मागून त्यांच्या गळ्यात पडली.

"माझे आभार कसले मानतेस, मास्तरांचे मान," बाई म्हणाल्या. "त्या चढावर मी तर हातपाय गाळलेच होते. मास्तर, तुमचे पाय नसते तर आज पोरीचं वर्ष गेलं असतं."

मास्तर उतरायची खटपट करत होते, पण त्यांना उतरता येईना. ते कण्हत गुडघा चोळत होते.

"आधी जरा हात द्या, ताई, पायांना मुंग्या आल्यात. खाली डबा ठेवलाय ना, तासभर सीटवर मांडी घालून बसलोय."