जळजळ थांबली

आचऱ्याच्या वासंतीने शिमग्याला देवीपुढे गाऱ्हाणं घातलं होतं, घोवाच्या पायांची जळजळ एकदाची थांबू दे, कोंबडा देईन. गणपतीपर्यंत जळजळ खरंच थांबली. तिचा नवरा महादेव पुन्हा अनवाणी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला जाऊ लागला आणि वासंतीने कोंबडा देऊन नवस फेडला.

आता घोटा भोपळ्यासारखा सुजला, म्हणून ती त्याला मालवणात घेऊन आली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. टाचेत शिंगाळा माशाचा काटा बोटभर रुतला होता आणि भोवतालचं हाड वाळवीने खाल्ल्यासारखं दिसत होतं.

“हा कधी घुसला?”

“कोणाक म्हायत!” महादेव हसला. “माका काय दुखणाच नाय, डॉक्टरांनू.”

“तेच तर! रक्तातल्या साखरेने पायाच्या नसा मेल्यात तुमच्या. दुखलं असतं तर वेळेवर आला असतात. आता घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल.”

महादेवाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. वासंतीने बसल्या जागी देवीच्या नावाने पदर पसरला.

“आवशी, माझा गाऱ्हाणा मी परत घेतंय गो. ह्यांचो पाय दुखांदे.”