खडूचा गोल

जगातलं प्रत्येक संकट आधी सांगून येतं, फक्त ऐकणारा कान पाहिजे, असं लातूरचे रेवणप्पा ठासून सांगत. त्यांना स्वतःला डाव्या कानानं ऐकू येत नसे.

नांदेडला डाळ पोचवणाऱ्या त्यांच्या अकरा गाड्या होत्या. वर्षभर कुठल्या ना कुठल्या गाडीवर सकाळी खडूचा गोल उमटलेला असे, कधी ब्रेकच्या नळीवर, कधी चाकावर. अश्वजित मिस्त्री तो भाग उघडे, तर आत चीर सापडेच. गोल कोण काढतं ते कळेना. कॅमेऱ्यात नुसत्या उभ्या गाड्या दिसत.

पण वर्षात एकाही ड्रायव्हरला साधं खरचटलं नव्हतं. म्हणून रेवणप्पा रोज संध्याकाळी गॅरेजच्या खिडकीत खडूची नवी कांडी ठेवून हात जोडत. सकाळी ती झिजलेली असे.

आज अश्वजितनं अकराही गाड्या पाहिल्या.

"अप्पा, आज गोल कुठंच न्हाई."

"अन् कांडी?"

"झिजलीय की."

बोलता बोलता तो अप्पांच्या सदऱ्याकडं बघत राहिला. छातीवरच्या डाव्या खिशावर पांढरं दिसत होतं.

"इभूत सांडली असंल रे."

"इभूत सांडून एवढा गोल होत न्हाई, अप्पा."

अप्पांनी सदरा झटकला, मग वर केला. गोल आत कातडीवरही होता.

त्यांनी खिडकीकडं वळून नेहमीसारखे हात जोडले. "लई उपकार झाले," ते पुटपुटले.

मग म्हणाले, "दवाखान्यात चल. कोणतीबी गाडी काढ, आज समद्या ठणठणीत हायत. अन् येताना खडूचा डबा घ्यायची तेवढी आठवण कर."