दोघींचे रणदिवे

"काल माझे इन्स्पेक्टर रणदिवे गेले गं," डबा उघडता उघडता यास्मिन म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

हेमांगीचा घास हातातच राहिला. तिच्या टीव्हीवर तर काल रणदिव्यांचा साखरपुडा झाला होता. मिरजेच्या बँकेत काम करणाऱ्या या दोघी मालिका एकच बघत. पण हल्ली टीव्ही ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे गोष्ट रचून दाखवी. यास्मिनला रडवणाऱ्या गोष्टी आवडत, हेमांगीला गोड शेवट. त्यामुळे मालिकांवरच्या गप्पा केव्हाच बंद पडल्या होत्या. बोलणार तरी काय?

पण मैत्रिणीने असं एकटीने सुतक पाळावं, हे हेमांगीला बघवेना. "शनिवारी घरी ये," ती म्हणाली. "टीव्हीला सांगू, दोघींना मिळून एकच गोष्ट दाखव."

शनिवारी टीव्ही जरा वेळ घुटमळला. मग त्याने रणदिव्यांना जिवंत ठेवलं, पण लग्न मोडलं.

"बरं झालं!" यास्मिन आनंदाने ओरडली. "ती मुलगी त्यांच्या लायकीची नव्हतीच."

"काहीही काय! तिने त्यांच्यासाठी गोळी झेलली!"

"मुद्दाम झेलली!"

चहा निवला, आवाज चढले, आणि हेमांगीला कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. भांडण सोडवायला धावत आलेल्या शेजारच्या मंदाकाकू दारातच थबकल्या.

"रणदिवे का?" त्या चपला काढत म्हणाल्या. "मलाही धरा. पण माझ्या रणदिव्यांना मिशा आहेत, हं. त्या काढायच्या नाहीत!"